लेक्सिंग्टनचा शनिवार

गाव दिसायच्या आधी गावाचा धूर आला. पहाटेचे सव्वापाच झाले असतील. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिट्ट काळोख, मधूनच एखाद्या गोठ्याबाहेरचा दिवा. भाच्यानं गाडीची काच खाली केली आणि दव पडलेल्या गवताच्या वासाबरोबर जळत्या लाकडाचा वास आत शिरला. लहानपणी अलिबागजवळच्या आमच्या घरी आंघोळीच्या पाण्यासाठी न्हाणीची चूल पहाटेच पेटायची. अंथरुणात असतानाच तो धूर नाकाशी यायचा आणि कळायचं, काकू उठली. टेक्सासमधल्या त्या अनोळखी रस्त्यावर मला अगदी तसंच वाटलं. इथंही कुणीतरी आपल्या आधी उठलंय.

"आलं बघ मावशी," भाचा म्हणाला. "हा वास आला की समजायचं, पोचलो."

2019 च्या एप्रिलमधला तो शनिवार होता. वार सांगायलाच हवा, कारण लेक्सिंग्टनचं 'स्नोज बार्बेक्यू' आठवड्यातून फक्त शनिवारी उघडतं. सकाळी आठला दार उघडायचं आणि मांस संपलं की लावून घ्यायचं. ऑस्टिनपासून साधारण 80 किलोमीटरवरचं हे गाव, वस्ती जेमतेम बाराशेची. मी ऑस्टिनला भाच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. तो तिथं चिपच्या कंपनीत आहे. आल्या दिवशीच त्यानं सांगून टाकलं होतं, "एक शनिवार माझा. पहाटे चारला निघायचं. तुला एका बाईंची चूल दाखवायचीय."

वाटेत एल्गिन लागलं. टेक्सासच्या विधिमंडळानं या गावाला 'सॉसेजची राजधानी' असं रीतसर नाव दिलंय आणि तिथलं 'साउथसाइड मार्केट' आपला जन्म 1882 चा सांगतं. ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्ट म्हणून गाव आहे, ते 'बार्बेक्यूची राजधानी'. खाण्यावरून गावांना राजधानीचा मान देणारं हे राज्य. काळोखात एल्गिन मागं पडलं आणि तासाभरात आम्ही लेक्सिंग्टनला एका लहानशा लाल इमारतीपुढे उभे होतो.

आमच्या पुढे पंचवीस-तीस माणसं होती. घडीच्या खुर्च्या, पांघरुणं, थर्मासमधली कॉफी. पंढरपूरला दर्शनबारीत जशी ओळखपाळख होते तशी इथं होत होती. पुढचं जोडपं ह्यूस्टनहून रात्रीच निघालेलं, मागचा तरुण मुलगा वडिलांना घेऊन आलेला. आमच्या शेजारी डोक्यावर पांढरी हॅट घातलेले एक शेतकरी आजोबा होते. त्यांनीच मला शनिवारची गोष्ट उलगडून सांगितली. गावात शनिवारी गुरांचा लिलाव भरतो. आजूबाजूचे शेतकरी, गुराखी भल्या सकाळी जनावरं घेऊन येतात. त्यांच्या पोटाला काहीतरी हवं, म्हणून सकाळी आठला मांस. 2003 मध्ये केरी बेक्सली या गावच्याच माणसानं हे दुकान काढलं ते त्या बाजाराच्या वेळा धरून. 'स्नो' हे त्याचं टोपणनाव. तो आईच्या पोटात असताना मोठ्या भावाला कुणीतरी विचारलं, तुला भाऊ हवा की बहीण? त्यानं सांगितलं, मला बर्फाचा माणूस हवा. ते नाव चिकटलं ते पुढे दुकानालाही लागलं.

पाच वर्षं हे दुकान गावापुरतं होतं. 2008 मध्ये 'टेक्सास मंथली' या मासिकानं राज्यातल्या बार्बेक्यूची यादी केली आणि सगळ्यांत वर नाव छापलं ते लेक्सिंग्टनच्या या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या दुकानाचं. तेव्हापासून ही रांग. 2017 च्या यादीतही पहिला क्रमांक पुन्हा इथंच आला.

तांबडं फुटायला लागलं तशी मी रांगेतली जागा भाच्याकडे सोपवून मागच्या बाजूला गेले. भट्ट्या उघड्यावरच आहेत, वर नुसतं छप्पर. कुणी अडवत नाही. लोक दहा फुटांवर उभे राहून बघत असतात. ज्यांच्यासाठी मी आले होते त्या तिथंच होत्या. पांढरे आखूड केस, कमरेला एप्रन, दोन्ही हातांत लांब दांड्याचं फावडं. लाकडं जिथं जळत होती तिथून त्यांनी फावडंभर लालबुंद निखारे उचलले, चार पावलं चालत आल्या आणि पत्र्याच्या लांब भट्टीच्या तळाशी ते सारखे पसरले. झाकण टाकलं. पुन्हा मागं वळल्या. वय 84.

नॉर्मा फ्रान्सेस टोमानेट्झ. सगळं टेक्सास त्यांना टूट्सी म्हणतं, मिस टूट्सी. मी मनातल्या मनात टूट्सीबाई म्हणायला लागले होते. जन्म 1935 चा. 1966 मध्ये शेजारच्या गिडिंग्ज गावातल्या मटणाच्या दुकानात नवरा काम करत होता. तिथं एकदा माणूस कमी पडला आणि या मदतीला गेल्या. त्या दिवशी भट्टीला हात लागला तो लागलाच. पुढे नवऱ्याबरोबर लेक्सिंग्टनमध्ये स्वतःचं दुकान वीस वर्षं चालवलं. नवऱ्याला पक्षाघात झाल्यावर ते बंद केलं. नंतर बेक्सलीनं गळ घातली आणि त्या स्नोजच्या भट्टीपाशी आल्या. शनिवारी पहाटे दोनच्या सुमारास यायचं आणि सोमवार ते शुक्रवार गिडिंग्जच्या शाळेत साफसफाई-देखभालीची नोकरी करायची, असा त्यांचा आठवडा. मधल्या काळात नवरा गेला, मुलगाही गेला. तो याच भट्ट्यांवर त्यांच्याबरोबर राबायचा. शनिवार मात्र चुकला नाही.

मी त्यांचे हात बघत होते. झाकण उचललं की त्या तळहात मांसाच्या वर धरायच्या, क्षणभरच. मग कोपऱ्यातला एखादा तुकडा मधे, मधला कडेला. आमची काकू भाकरी टाकायच्या आधी तव्यावर असाच हात धरायची. धग किती हे तिचा तळहात सांगायचा. टूट्सीबाईंच्या या भट्टीलाही काटा नव्हता, थर्मामीटर नव्हता. एका बादलीत पातळसर रस्सा होता, व्हिनेगर, कांदा, मोहरी, लोणी असं त्यात असतं. त्या बादलीत त्या फरशी पुसायच्या पोछ्यासारखा सुती पोछा बुडवायच्या, अर्थात याच कामासाठी ठेवलेला, आणि ओळीनं मांडलेल्या मांसावर फिरवायच्या. चरबी आणि रस्सा खाली निखाऱ्यांवर ठिबकायचा, चर्रर्र आवाज व्हायचा, वाफेचा एक लोट वर येऊन पुन्हा त्याच मांसात मुरायचा. थेंब, आवाज, लोट. पुन्हा थेंब. मी किती वेळ उभी होते ते भाच्यानं हाक मारल्यावर कळलं.

इथं दोन तऱ्हांनी मांस शिजतं. टूट्सीबाईंची तऱ्हा थेट निखाऱ्यांची: डुकराच्या खांद्याचे जाड काप, कोंबडीचे अर्धे भाग, खाली पसरलेली धग आणि वर पत्र्याचं झाकण. दुसरी तऱ्हा ब्रिस्केटची, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाची. तिथं विस्तव एका टोकाला असतो, मांस आडव्या टाकीत लांब, आणि मधून फक्त ऊब आणि धूर वाहतो. ही ब्रिस्केट आदल्या रात्रीच चढवलेली असतात. उभ्या जनावराचा निम्म्याहून जास्त भार छातीकडच्या स्नायूंवर असतो, म्हणून ते मांस अतिशय चिवट. त्यातलं कोलॅजन सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास हळूहळू विरघळायला लागतं, त्याचं जिलेटिन होतं, आणि मगच घास मऊ होतो. पण त्याच सुमाराला मांस अडून बसतं. पृष्ठभागावरून पाणी उडत राहतं आणि घाम येऊन आपलं अंग गार व्हावं तसं ते स्वतःला गार करत राहतं. तासन्‌तास आतली उष्णता एका अंशानं वर सरकत नाही. पांढऱ्या हॅटवाल्या आजोबांच्या घरीही भट्टी होती. ते म्हणाले, "इथंच माणूस कळतो. ज्याला धीर नाही तो आच वाढवतो आणि सगळं वाळवून बसतो."

लाकूड म्हणजे पोस्ट ओक. या भागात कुंपणाचे खांब याच झाडाचे करायचे, म्हणून हे नाव. चांगलं वाळलेलं असलं की त्याची आच एकसारखी लागते आणि धूर डोळ्यांना झोंबत नाही. आमच्याकडेही सरपणाची पारख अशीच होती. बाभळीचा निखारा टिकतो, आंब्याचं लाकूड धुरकटतं, ओली ढलपी चुलीत सारली तर काकूचा शब्द ऐकावा लागायचा. लाकडाची जात बदलली, देश बदलला, तरी नियम तेच.

या सगळ्यामागे इतिहास आहे, आणि तो खाटकाच्या दुकानातला आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक कुटुंबं टेक्सासच्या या मध्यभागात येऊन वसली. त्यांनी मटणाची दुकानं काढली. तेव्हा फ्रिज नव्हता. जे विकलं जायचं नाही ते मागच्या अंगणात धुरावर शिजवून ठेवायचं, उरल्यासुरल्याचं सॉसेज करायचं. कापूस वेचायच्या हंगामात मजूर यायचे, त्यांत काळे होते, मेक्सिकन होते. त्यांना ताबडतोब खाता येईल असं काहीतरी हवं असायचं. खाटिक मांस तोलून त्याच्याच कागदात बांधून द्यायचा आणि ते तिथंच उभ्यानं खायचे. ताट नाही, काटा नाही. आजही इथं मांस पाउंडावर तोलून मिळतं, कागदावरच वाढलं जातं. तो कागद बघितला की त्या वेचणीच्या दिवसांची आठवण ठेवल्यासारखं वाटतं. कापूस वेचून बोटं चिरलेल्या माणसांनी हे खाणं जगवलं, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं समजवायला नको.

बरोबर आठला दार उघडलं. आत जागा लहान. ठोकळ्यावर सुरी चालत होती, धुराचा वास कपड्यांत बसत होता. माझ्या पुढच्या माणसासाठी ब्रिस्केट कापलं गेलं ते मी जवळून पाहिलं. बाहेरून कोळशासारखं काळं, मिरीचा दाणा न्‌ दाणा दिसणारं कवच, त्याच्या आत गुलाबी रेघ आणि मग तपकिरी, ओलसर मांस. ती गुलाबी रेघ म्हणजे कच्चेपणा नव्हे. लाकडाच्या धुरातले वायू मांसातल्या लाल द्रव्याशी बांधले जातात आणि तो रंग शिजल्यावरही टिकतो.

मी गोमांस खात नाही. भाचा खातो. यावरून आमच्यात कधी शब्दाला शब्द लागलेला नाही. त्यानं अर्धा पाउंड ब्रिस्केट घेतलं, मी टूट्सीबाईंच्या भट्टीवरचा डुकराचा काप आणि अर्धी कोंबडी. खरं तर जाणकार इथं त्या कापासाठीच येतात. इतरत्र ब्रिस्केटचं राज्य, स्नोजमध्ये 'पोर्क स्टेक'चं. बरोबर पांढरा पाव, कांदा, लोणच्याची काकडी. घेवड्याच्या दाण्यांचं पातेलं एका बाजूला ठेवलेलं, हवं तेवढं वाढून घ्या, त्याचे पैसे नाहीत. भट्ट्यांजवळच्या लाकडी बाकावर आम्ही बसलो. बहुतेकांच्या ताटाशेजारी लाल सॉस होता. मी तो घेतला नाही. आधी विस्तवाची चव कळू दे म्हटलं.

पहिला घास तोंडात घेतला आणि मी थांबले. वरचा पापुद्रा कडक, मीठ-मिरीचा, मग व्हिनेगरची बारीक आंबट कड, आणि त्याखाली चरबीनं भिजलेलं, दातांना थोडा विरोध करून मग सुटणारं मांस. मसाला म्हणाल तर मीठ आणि मिरी. आम्ही कोकणातली माणसं. आमच्या मटणाला खोबऱ्याचं वाटण लागतं, तिखट लागतं, कोकम लागतं. इतक्या थोड्या गोष्टींत इतकी भरलेली चव कुठून आली, याचं उत्तर शोधत मी हळूहळू खात होते. कोंबडीची साल तांबूस, ताणलेली. हाडाजवळचं मांस बोटांनी सुटत होतं. तिच्यात मला एक ओळखीची चव लागली आणि मी डोळे मिटले.

पोपटी. रायगडच्या माणसाला सांगायला नको, इतरांसाठी सांगते. थंडीत वालाच्या शेंगा भरतात तेव्हा शेतात पोपटी लागते. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला दाबून बसवायचा. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या रचून जाळ लावायचा. आत सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज कसा येतो ते ऐकायचं आणि ठरवायचं. त्या कोंबडीला जी चव असते, मांस, धूर आणि उघडी हवा यांची, तीच इथं माझ्या जिभेवर होती. सात समुद्रांपलीकडे, ना वाल, ना भांबुर्डी.

आमच्याकडे जाळाजवळ काकू बसायची. पेंढा किती, काटकी कुठली, मडकं कधी उघडायचं, हे ती सांगेल तसं. आम्ही पोरं उड्या मारायचो, मोठी माणसं गप्पा छाटायची. मडकं उघडलं की सगळे तुटून पडायचे. "यंदा पोपटी झकास झाली" असं म्हणायचे. पोपटी झाली, असं. काकूनं केली, असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही.

मी भट्टीकडे बघितलं. टूट्सीबाईंना घटकाभर उसंत मिळाली होती. लोक एकेक करून पुढे जात होते, हात हातात घेत होते, फोटो काढत होते. ह्यूस्टनच्या बाई त्यांच्या गळ्यात पडल्या. त्या हसून प्रत्येकाशी दोन शब्द बोलत होत्या, आणि नजर मधूनच झाकणाच्या फटीतून येणाऱ्या धुराकडे जात होती. आदल्याच वर्षी, 2018 मध्ये, 'जेम्स बिअर्ड' या अमेरिकेतल्या स्वयंपाकाच्या सर्वांत मोठ्या सन्मानाच्या उपान्त्य यादीत त्यांचं नाव होतं. त्याच वर्षी बार्बेक्यूच्या 'हॉल ऑफ फेम'मध्येही त्यांना स्थान मिळालं. सोमवारी शाळेतल्या फरशा पुसणारी बाई, आणि तिच्या निखाऱ्यांसाठी माणसं रात्रभर गाडी चालवून येतात, येऊन तिचं नाव घेतात. एवढ्या सकाळी, एवढ्या गर्दीत माझे डोळे भरून आले, ते धुरानं नव्हे.

माझीही वेळ आली. मी पुढे होऊन नमस्कार केला. त्यांनी माझा हात हातात घेतला. तळवा खरखरीत, कोमट. आमच्या काकूच्या तळव्यासारखाच. मला बरंच काही सांगायचं होतं, पण मागे माणसं उभी होती. मी नुसतंच "थँक यू" म्हटलं आणि बाजूला झाले. त्या फावड्याकडे वळल्या.

परतीच्या वाटेवर ऊन वर आलं होतं. काळोखात न दिसलेला रस्ता आता दोन्ही कडांनी निळा झाला होता. ब्लूबॉनेट, टेक्सासचं राज्यफूल. एप्रिलमध्ये मैलच्या मैल फुलतं. भाच्यानं गाडी थांबवली, मी खाली उतरले. फुलांत उभं राहून घड्याळ बघितलं. इथं सकाळचे दहा, म्हणजे घरी रात्रीचे साडेआठ. काकू अजून जागी असेल. तिला तेव्हा ऐंशी उलटून गेली होती, चूल सुटली होती, पोपटी मात्र दर थंडीत तिच्याच देखरेखीखाली लागायची.

फोन लावला. तब्येतीची विचारपूस झाली. मग विचारलं, "काकू, पोपटी शिजली हे तुला कसं कळतं गं?"

"हे काय मधेच?"

"सांग ना. पाणी शिंपडतेस, ते ठाऊक आहे मला. पण त्याच्या आधी तू म्हणतेस ना, 'आता बघा रे' म्हणून. ते कशावरनं?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. आठवत असावी.

"वासावरनं," ती म्हणाली. "आधी नुसता मातीचा येतो. मग पाल्याचा, कडू. तेव्हा उघडायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी. मग तो कडू वास बसतो आणि शेंगांचा गोड येतो, उकडलेल्या. तो आला की मनात शंभर मोजायचे. वारा असला तर दीडशे. आणि मग पाणी."

मी पर्समधली वही काढली आणि गाडीच्या टपावर ठेवून लिहायला लागले. वर तारीख टाकली, तिच्या खाली काकूचं नाव लिहिलं, पूर्ण.

"काकू, वारा कुठल्या बाजूचा असला तर?"

"थांब," ती म्हणाली. "नीट बसते जरा. मग सांगते."